पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं

घरी कॉफी भाजताना तापमान मोजायला पुण्याच्या तपकीर गल्लीतून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, आणला त्या दिवशीची गोष्ट. घरी आल्या आल्या गॅसवर पातेलं चढवलं, पाणी खळखळून उकळू दिलं आणि तार आत सोडली. आकडा ९७ वर गेला, ९८ वर गेला आणि तिथेच बसला. पाच मिनिटं वाट पाहिली, पण १०० काही होईना. दुकानदाराने गळ्यात खराब माल मारला म्हणून चपला घालून परत निघाले होते. जिन्यात डोक्यात प्रकाश पडला. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. दर ३०० मीटरमागे पाण्याचा उत्कलनबिंदू ढोबळमानाने एक अंश उतरतो. म्हणजे तार बरोबर सांगत होती, माझं पाठांतर मुंबईच्या उंचीचं होतं.

घरी कॉफी भाजायला लागलेले लोक पहिला प्रश्न विचारतात, "मशीन कुठलं घेऊ?" माझं मत थोडं तिरकं आहे. भाजायचं भांडं मिळेल ते चालतं; पैसे आणि डोकं खर्च करायचं ते मापण्यावर. एक तार, एक चांगला वजनकाटा आणि एक वही. या तीन गोष्टी नसतील तर महागड्या मशीनवरही तुम्ही दर रविवारी नवशिकेच राहता.

आधी दाण्यात काय घडतं ते थोडक्यात. कच्चा दाणा हिरवट, कडक, आणि त्यात १० ते १२ टक्के ओल. सुरुवातीची काही मिनिटं उष्णता ही ओल हटवण्यात जाते. १५०-१६० अंशांच्या सुमारास दाणा पिवळा पडतो, ओल्या गवताचा वास जातो आणि पोळी शेकताना येतो तसा खरपूस वास सुटतो. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली ही माइलार्ड अभिक्रिया. लुई-कामी माइलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. तुमच्या घरी थालीपिठाची भाजणी करताना ती पिढ्यान् पिढ्या होतेच आहे. पुढे दाण्याच्या आत वाफ आणि कार्बन डायऑक्साइड कोंडत जातात आणि १९५-२०० च्या आसपास दाणा फट्‌ आवाज करून फुगतो. हा फर्स्ट क्रॅक. त्यानंतर काढलं तर हलकी भाजणी, थोडं थांबलं तर मध्यम. २२५ च्या आगेमागे दुसरा आवाज सुरू होतो, पण तो फट्‌ नसतो, फोडणीतल्या मोहरीसारखा बारीक तडतड असतो. तिथे तेल दाण्यावर यायला लागतं आणि धूर खालच्या मजल्यावर जायला लागतो. आमच्या खालच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात वर येऊन विचारलं होतं, "अगं, दूध उतू गेलंय का?"

आता भांड्याचं. कढई सगळ्यांच्या घरी असते, म्हणून सगळे तिच्यापासून सुरू करतात आणि बहुतेक तिथेच कंटाळतात. कॉफीचा दाणा एका बाजूने सपाट असतो. तो कढईत त्या सपाट बाजूवर बसतो, तिथे काळा डाग पडतो आणि पाठ मात्र कच्ची राहते. भडभुंजा चणे वाळूत का भाजतो, याचं उत्तर यातच आहे. तापलेली वाळू दाण्याला चहूबाजूंनी लपेटते, कढई फक्त एका बिंदूवर टेकते. घरात वाळूचं काम हवा करू शकते, म्हणून नवशिक्यासाठी माझी पसंती गरम हवेच्या पॉपकॉर्न मशीनला. ते घेताना झाकण काढून आत डोकवा. हवा बाजूच्या भिंतीतल्या तिरक्या फटींमधून येत असेल तर घ्या. तळाला जाळी असेल तर नको, कारण कॉफीची फोलपटं त्या जाळीतून खाली तापलेल्या तारेवर पडून पेटू शकतात. एका वेळी ८०-१०० ग्रॅम दाणे मावतात. भाजणी भराभर होते हा त्याचा दोष.

दुसरा रस्ता हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं हातातलं यंत्र, आणि स्टीलचं पातेलं. मजा येते, हात दुखतात. २००० वॅटची गन २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते, आणि भिंतीवरचा साधा छोटा सॉकेट असतो सहा अँपिअरचा. गिझरचा किंवा एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट वापरा. मी हे वाचलेलं होतं, तरीही बाल्कनीतल्या छोट्या पॉइंटवर गन लावली. प्लग इतका तापला की हात लावेना.

तिसरा रस्ता खास पुणेरी: न्यू जर्सीतला भाऊ दिवाळीला येताना घेऊन येतो ते मशीन. आणू द्या, पण आधी मागची पट्टी वाचा. तिथली उपकरणं १२० व्होल्टची असतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून तेच मशीन आपल्या २३० व्होल्टवर लावलं तर तार जवळजवळ पावणेचार पट तापेल, म्हणजे क्षणभरच तापेल आणि मग कायमची थंड होईल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण दीड हजार वॅट पेलणारा असा काही जड असतो की भावाला तो उचलायलाही बोलवावं लागेल.

हिशेबाची आवड असेल तर एक गंमत करून बघा. १०० ग्रॅम दाणे खोलीच्या तापमानापासून २०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ३० किलोज्यूल लागतात आणि त्यातली दहाएक ग्रॅम ओल उडवायला आणखी २५. एकूण ५५. आणि १२०० वॅटचं मशीन आठ मिनिटांत खातं ५७६ किलोज्यूल. दहातला एक भाग कॉफीला, बाकीचे नऊ बाल्कनीला. बाल्कनीतला वारा भाजणीत एवढी ढवळाढवळ का करतो, ते यावरून कळतं.

आता तारेकडे. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. जोड तापला की दुसऱ्या टोकाला किंचित व्होल्टेज तयार होतं. हे थॉमस योहान झेबेकने १८२१ मध्ये पाहिलं. आपल्याला लागतो तो के प्रकारचा: एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. एवढासा संकेत मोजायला मॅक्स ६६७५ नावाची चिप असलेला छोटा बोर्ड मिळतो, तो अर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डला, जोडायचा आणि अर्डुइनो लॅपटॉपला. सगळं मिळून हजार रुपयांच्या आत बसतं. बारीक टोकाची तार घ्या, दीड ते तीन मिलिमीटर जाडीची. जाड नळीतली तार मजबूत असते, पण आपण तापलो हे तिला उशिरा कळतं, आणि सात-आठ मिनिटांच्या भाजणीत उशीर परवडत नाही.

जोडताना माझी फजिती झाली. तार गरम चहात बुडवली तर आकडा खाली जायला लागला! आपण लाल तार डोळे झाकून धनाला लावतो. पण थर्मोकपलच्या अमेरिकी रंगसंकेतात लाल म्हणजे ऋण. तारा उलट लावल्या आणि चहा पुन्हा गरम झाला.

इथे एक गोष्ट सगळे नवशिके चुकीची समजतात, मीही समजले होते. मशीन १८० अंशांवर तापवून त्यात दाणे टाकले की पडद्यावरचा आकडा धाडकन उतरतो, ९०-९५ पर्यंत येतो आणि मग वळून चढायला लागतो. या वळणाला टर्निंग पॉइंट म्हणतात आणि त्यावर लोक तासन्‌ तास बोलतात. पण दाणा कधी ९० वर उतरलाच नव्हता. तो २७ वर आत गेला आणि पहिल्या क्षणापासून चढतोच आहे. उतरली ती तार: आधी तापलेली होती, मग थंड दाण्यांच्या गर्दीत सापडली. ती दाणे आणि हवा या दोघांच्या मधलं काहीतरी सांगत असते. म्हणूनच तुमचा फर्स्ट क्रॅक १८८ ला दिसला आणि पुस्तकात १९६ लिहिलं असेल, तर घाबरू नका. तार कुठे खोचली, किती आत गेली, किती जाड आहे, यावर आकडा बदलतो. तार एकदा जागेवर बसवली की हलवायची नाही. दुसऱ्याचा १९६ तुमच्या कामाचा नाही, तुमचा मागच्या रविवारचा १८८ कामाचा आहे. इन्फ्रारेड गनने वरून मोजण्याचा मोह होतो. चकचकीत स्टील समोर आलं की ती भलतंच सांगते आणि धूर झाला की आणखीच गोंधळते. माझी आता फक्त तवा तापला का ते बघायला वापरात आहे.

लॅपटॉपवर आर्टिझन नावाचं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चालतं. ते तापमानाची रेघ काढतं आणि तिच्याखाली दुसरी रेघ काढतं, रेट ऑफ राइजची, म्हणजे दर मिनिटाला तापमान किती अंशांनी चढतंय त्याची. पहिली रेघ किती अंतर आलो ते सांगते, दुसरी वेग. भाजणी हातात ठेवायची ती या दुसऱ्या रेघेवर नजर ठेवून. ती हळूहळू उतरत गेलेली बरी. मध्येच शून्याकडे कोसळली तर कॉफी पुठ्ठ्यासारखी सपाट लागते.

माझी दुसरी रेघ मात्र पहिल्या दिवशी करवतीच्या दातांसारखी आली. शून्य, पंधरा, शून्य, तीस, पंधरा. एक आख्खी संध्याकाळ तार बदल, वायर बदल, लॅपटॉपचा चार्जर काढ, असं चाललं होतं. कारण अंकगणितातलं होतं. मॅक्स ६६७५ पाव अंशाच्या पायऱ्यांनीच मोजतो. मी दर सेकंदाला फरक काढत होते. एका सेकंदात पाव अंश म्हणजे मिनिटाला पंधरा अंश! त्यामुळे वेग एक तर शून्य, नाहीतर पंधरा, नाहीतर तीस. मधलं काही दिसणंच शक्य नव्हतं. फरक ३० सेकंदांवर काढला की तीच पाव अंशाची पायरी मिनिटाला अर्ध्या अंशावर येते आणि रेघ सरळ होते. किंमत एवढीच की रेघ थोडी मागे राहते, गेलेल्या अर्ध्या मिनिटाची बातमी आत्ता देते. काय हवंय ते ठरवा. मी १५ सेकंदांवर तडजोड केली आहे.

लॅपटॉप असला तरी वही ठेवा. सॉफ्टवेअरला पिवळेपणा दिसत नाही आणि फट्‌ ऐकू येत नाही, ती बटणं आपल्यालाच दाबावी लागतात. माझ्या वहीत प्रत्येक घाण्याला एक ओळ असते: कच्चं वजन, दाणे टाकले तेव्हाचा आकडा, पिवळे कधी झाले, पहिला फट्‌ कधी, बाहेर कधी काढले, भाजलेलं वजन. आणि तीन-चार दिवसांनी प्यायल्यावर एक शब्द. पहिल्याच दिवशी पिऊन लिहू नका. ताज्या भाजलेल्या दाण्यात वायू ठासून भरलेला असतो आणि चव नीट कळत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित मोजमाप म्हणजे वजनातली घट. १०० ग्रॅम टाकले आणि ८५.५ निघाले, तर घट साडेचौदा टक्के. हलक्या भाजणीत १२-१३ च्या आसपास, गडद भाजणीत १७-१८ च्याही पुढे. रंगाला डोळा फसतो, ट्यूबलाइटखाली वेगळा आणि उन्हात वेगळा. वजन फसत नाही, फक्त काटा ०.१ ग्रॅमचा हवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा दोन्ही वेळा अर्धा-अर्धा ग्रॅम चुकला, तर १०० ग्रॅममागे एक टक्क्याचा घोळ होतो, आणि मध्यम आणि जरा गडद यांच्यातला सगळा फरकच तेवढा असतो. वजन करण्याआधी दाणे सुपात पाखडून घ्या. त्यासाठी सुपाहून चांगलं उपकरण अजून कोणी विकत नाही: दाणे थंडही होतात आणि फोलपटंही उडतात.

वहीचा फायदा मला चौथ्या आठवड्यात कळला. तीच कॉफी, तेच १०० ग्रॅम, तेच मशीन. दुपारी भाजलं की पहिला फट्‌ सहा मिनिटांच्या आत, रविवारी सकाळी भाजलं की सात मिनिटं उलटून. आधी वाटलं, सकाळची हवा गार म्हणून. मग मल्टिमीटर सॉकेटला लावला. दुपारी २३१ व्होल्ट, रविवारी सकाळी आठला २१४. सगळ्या सोसायटीचे गिझर एकदम चालू! हे १७ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्गाचा हिशेब लावला तर मशीनच्या तापणाऱ्या तारेची उष्णता १४ टक्क्यांनी कमी. पंखाही त्याच विजेवर मंदावतो, त्यामुळे गणित इतकं सरळ नाही, पण रोख तोच. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला: व्होल्ट.

दाण्यांबद्दल एवढंच सांगेन की सुरुवातीला पाच प्रकार पाव-पाव किलो आणू नका. चिकमगळूर किंवा कुर्गची धुतलेली अरेबिका, एकाच मळ्याची, एकदम पाच किलो घ्या. १०० ग्रॅमने ५० घाणे होतात. मॉन्सून्ड मलबार नंतर बघा. पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगवलेला तो दाणा हलका आणि ठिसूळ असतो, नेहमीच्या आचेवर हातचा सुटतो. आणि जूनच्या आधी तुमचे पाच किलो घट्ट झाकणाच्या डब्यात जायला हवेत. माझे मागच्या वर्षी कापडी पिशवीत राहिले आणि जुलैत पिवळे पडायलाच मिनिटभर जास्त लागायला लागलं. तो मलबार मी न मागता घरीच तयार करत होते, हे वहीतल्या ओळी एकाखाली एक वाचल्यावर दिसलं.