धमनीकाठिण्यातील दाह

धमनीकाठिण्य म्हणजे धमनीच्या भिंतीत मेद, पेशी व तंतू साचून प्लाक तयार होण्याचा, वर्षानुवर्षे लक्षणांविना वाढणारा विकार होय. नळात गाळ साचावा तशी धमनीत चरबी साचते, असे गावोगाव सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण प्लाक वाढणार की फुटणार हे रोगप्रतिकार यंत्रणेच्या प्रतिसादावर, म्हणजेच दाहावर, पुष्कळसे अवलंबून असते.

उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूमुळे धमनीचे अस्तर बिघडले की एलडीएल (म्हणजे ‘वाईट’) कोलेस्टेरॉलचे कण त्याखाली अडकतात. रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी तेथे शिरून मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनतात आणि हे कण गिळून फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाळ दिसतात. कोलेस्टेरॉलचे स्फटिक त्यांना इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहकारक प्रथिन सोडायला लावतात, त्यातून इंटरल्युकिन-६ वाढते आणि त्याच्या प्रभावाने यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रथिन (सीआरपी) तयार करते. प्लाकवर कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे आवरण असते. रोगप्रतिकार यंत्रणेतील टी पेशी त्याची दुरुस्ती रोखतात, तर मॅक्रोफेजची विकरे ते झिजवतात. पातळ झालेले आवरण फाटले की रक्ताची गुठळी धरते. म्हणूनच धमनी निम्मीही न अडलेल्या, कालपर्यंत शेतात डवरणी करणाऱ्या माणसाला आज हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्खो यांनी १९ व्या शतकातच या विकारात दाह ओळखला होता. अमेरिकी संशोधक रसेल रॉस यांनी १९९९ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली.

हृदयविकार हा सुखवस्तूंचा आजार आहे, ही समजूत ग्रामीण विदर्भात घातक ठरते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा गालात धरला की निकोटिन तेथूनच रक्तात उतरते, आणि तंबाखूने हिरड्याही बिघडतात. हिरड्यांच्या जुनाट दाहाचा धमनीकाठिण्याशी संबंध आढळला आहे. पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) जाळणाऱ्या चुलीच्या धुरातील सूक्ष्म कण फुफ्फुसात दाह उत्पन्न करतात व तो रक्तापर्यंत पोहोचतो. यांपैकी काहीही कोलेस्टेरॉलच्या अहवालात दिसत नाही. सीआरपी लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा सतत जास्त असणे धोक्याचे मानतात. मात्र ताप किंवा पायाची चिघळलेली जखम असतानाही ते वाढते, त्यामुळे आकडा १० च्या वर गेल्यास बरे वाटल्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

दाह हे केवळ लक्षण नसून कारणही आहे, याचा भक्कम पुरावा २०१७ मध्ये मिळाला. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांच्या चाचणीत इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने एलडीएल न घटवताही झटका, पक्षाघात व हृदयजन्य मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी केले. परंतु जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. गाउट या सांधेदुखीवरील जुने दाहशामक औषध कोल्चिसिन स्थिर हृदयविकारात उपयोगी ठरल्याचे २०२० मध्ये दिसले, तर झटक्यानंतर लगेच ते सुरू केलेल्या रुग्णांच्या २०२४ मधील मोठ्या चाचणीत लाभ आढळला नाही. मूत्रपिंडे अधू असल्यास त्याची विषबाधा होऊ शकते, आणि ते स्टॅटिन या कोलेस्टेरॉल घटवणाऱ्या औषधाऐवजी नव्हे, तर स्टॅटिनच्या जोडीने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दिले जाते.