यंत्र घरात आलं, भिंत मागेच राहिली

घरी स्टुडिओ करायचं ठरलं की पहिली खरेदी होते ती काळ्या फोमच्या चौकोनी तुकड्यांची. ते भिंतीला चिकटवले की खोली साउंडप्रूफ झाली असं धरून माणूस माइकसमोर बसतो, आणि पहिल्याच टेकमध्ये शेजारच्या कुकरची शिट्टी येते. फोमचा यात काही दोष नाही. खोलीतला घुमारा कमी करणं आणि बाहेरचा आवाज अडवणं ही मुळात दोन वेगळी कामं, आणि फोम फक्त पहिलं करतो.

त्या पहिल्या कामाचा पाया घातला वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातलं एक नवं व्याख्यानगृह त्याच्याकडे आलं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे प्राध्यापक काय बोलतात ते कुणाला कळत नसे. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणल्या आणि थोड्या थोड्या मांडत घुमारा मोजला. सगळ्या मांडल्यावर तो सेकंद-सव्वा सेकंदावर आला. मात्र हे प्रयोग मध्यरात्रीनंतर करावे लागले, कारण दिवसा रस्त्यावरचा गोंगाट आत येई. तो थोपवायला गाद्यांचा काडीचाही उपयोग नव्हता.

रेकॉर्डिंगवाल्यांना या दुसऱ्या कामाची चिंता बरीच वर्षं नव्हती. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं ते हॉटेलच्या खोलीत. कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोराने सुई मेणाच्या तबकडीवर खाच पाडायची. दूरचा टांगा टिपण्याइतकं ते यंत्र तिखट कानाचं नव्हतंच. १९२५ च्या सुमारास कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला आणि तो सगळंच ऐकू लागला.

मुंबईला याचा हिसका बसला ‘आलम आरा’च्या वेळी. इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ रेल्वेरुळांना लागून होता आणि भिंती होत्या मूकपटाच्या जमान्यातल्या. आवाज चित्रणासोबतच मुद्रित होत असल्यामुळे मागाहून डबिंग करण्याची सोय नव्हती. मग दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी गाड्या थांबल्यावर, रात्री एक ते चारच्या दरम्यान, बरंचसं शूटिंग उरकलं. माइक नटांच्या आसपास दडवलेले असत. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागलेला हा पहिला भारतीय बोलपट असा भिंतीऐवजी वेळापत्रकाच्या जोरावर शांत झाला.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये उघडलेलं ब्रॉडकास्टिंग हाउस बांधताना बीबीसीने भिंतीचा मार्ग धरला. स्टुडिओ इमारतीच्या पोटात ठेवले, भोवती जाड विटांची भिंत आणि तिच्याबाहेर कचेऱ्यांचं कडं. तरीही खालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची घरघर काही स्टुडिओंत पोचायचीच. जमिनीतून येणारा कंप नुसत्या जाडीला दाद देत नाही.

यंत्र मात्र लहान होत गेलं. गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या दशकात हॉलिवुडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये स्वतःच वाजवलेले गिटारीचे सूर ध्वनिमुद्रणात एकावर एक चढवले. लंडनच्या हॉलोवे रोडवर चामडी सामानाच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये जो मीक या संगीत निर्मात्याने ‘टेलस्टार’ हे वाद्यसंगीत मुद्रित केलं. १९६२ मध्ये ते अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेलं. मीकच्या कामाच्या आवाजाने वैतागलेली घरमालकीण खालून झाडूने छत ठोकायची (हे आपल्याकडच्या सोसायट्यांना नवं नाही). १९७९ मध्ये टीॲक कंपनीचा चार ट्रॅकचा (एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे मुद्रित करणारा) रेकॉर्डर आला आणि १९८२ मध्ये अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्याच्यावर झोपायच्या खोलीत तयार झाला. आपल्याकडे ए. आर. रहमानने १९८९ मध्ये चेन्नईत घराच्या आवारातच स्टुडिओ बांधला. आज इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी डबी) आणि माइक पाठपिशवीत मावतात.

भिंत तशी लहान होत नाही. वजन दुप्पट केलं तर जेमतेम पाच-सहा डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) जादा अडतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला दहा डेसिबल लागतात. म्हणजे चार इंची भिंतीची नऊ इंची केली तरी आवाज निम्म्यावर येत नाही. फट त्याहून वाईट. ९० सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली एक सेंटिमीटर मोकळं राहिलं, तर दार कितीही भारी घ्या, अडणार तेविसेक डेसिबलच. म्हणून खरा उपाय म्हणजे खोलीत खोली: जुन्या भिंतीला न टेकणारी दुसरी भिंत, मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेला लोकरीसारखा भराव), जिप्सम बोर्डाचे दुहेरी थर, रबरावर तरंगती जमीन, दाराला चहूबाजूंनी सील. यात प्रत्येक बाजूला सहा इंच गेले तर दहा बाय दहाच्या खोलीत १०० चौरस फुटांचे ८१ उरतात. छत खाली येतं ते वेगळंच, आणि स्लॅबवर वाढणारं वजन आधी इंजिनिअरला विचारलेलं बरं.

नुसतं व्हॉइस ओव्हर करणारे म्हणूनच अख्खी खोली सोडून कोपऱ्यात चार बाय चारचा बूथ उभारतात. त्यातही हवेसाठी वळणावळणाची, आतून अस्तर लावलेली नळी लागतेच, कारण सरळ भोकातून हवेबरोबर खालच्या रिक्षाचा हॉर्नही आत येतो.