चित्रकला पण आवडते, सायन्स पण? मग बारावीनंतर युसीडचा फॉर्म कसा भरायचा ते वाचा

दहावी झाली की घरोघरी तोच वाद सुरू होतो, पोरगी चित्रं छान काढते पण आर्ट्सला घातली तर पुढे काय, आणि सायन्सला घातली तर चित्रकला सुटणार. दोन्ही एकत्र चालतील असा रस्ता आहे आणि तो आपल्या पवईतच आहे. आयआयटी मुंबईत १९६९ पासून आयडीसी म्हणून डिझाइनचा विभाग आहे. रुपयाचं चिन्ह ज्यांनी केलं ते डी. उदय कुमार इथलेच पीएचडी, आणि विंडोजवर वर्षानुवर्षं आपण मराठी ज्या मंगल फॉन्टमध्ये वाचलं तो करणारे र. कृ. जोशी इथे शिकवायचे. इथे चार वर्षांचं बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, करता येतं, आणि त्यासाठी जेईई लागत नाही. परीक्षा वेगळी आहे, तिचं नाव युसीड (UCEED).

आधी कोण बसू शकतं ते सांगते. बारावी सायन्स, कॉमर्स, आर्ट्स काहीही चालतं, पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमावाले पण बसू शकतात. पण पवईला चालतं म्हणून सगळीकडे तेच धरून चालू नका, याच स्कोअरवर दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद आयआयटी आणि जबलपूरच्या ट्रिपल आयटीतही प्रवेश होतात, तिथल्या विषयांच्या अटी माहितीपत्रकात बघून घ्या. खरी अडचण होते ती चान्सची. परीक्षा जास्तीत जास्त दोनदाच देता येते आणि ती पण लागोपाठच्या वर्षी, म्हणजे बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी, बस. जेईईसाठी दोन वर्षं गॅप घेऊ आणि नाही जमलं तर डिझाइन बघू असं ज्यांच्या डोक्यात असेल त्यांच्यासाठी तोवर हे दार बंद झालेलं असतं, म्हणून अकरावीतच ठरवा. वयाची पण अट आहे, एससी, एसटी आणि दिव्यांगांना त्यात पाच वर्षं सूट मिळते.

फॉर्म साधारण ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन निघतात, परीक्षा जानेवारीत. मुली, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना फी निम्मी असते.

आता कागदपत्रं. फोटो, सही, जन्मतारखेसाठी दहावीचं सर्टिफिकेट, बारावीची मार्कशीट, आणि बारावी चालू असेल तर कॉलेजच्या प्रिन्सिपलचं पत्र. नाव दहावीच्या कागदावर आहे तसंच टाका. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी असतं, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर, त्यामुळे दहावीचा कागद समोर ठेवूनच टाइप करा.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती जातीच्या दाखल्यावर. तहसीलमधून मिळणारं राज्याचं नॉन क्रिमिलेयर इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत पण असायला हवी. सेतूत अर्ज देतानाच सेंट्रलचं पाहिजे असं स्पष्ट सांगा. एसईबीसीचा दाखला केंद्रीय संस्थांत उपयोगाचा नाही. ईडब्ल्यूएसचं पण केंद्राच्याच नमुन्यात. शिवाय हे दाखले माहितीपत्रकात दिलेल्या १ एप्रिलच्या नंतर काढलेले लागतात, गेल्या वर्षीचा घरात आहे म्हणून निवांत राहू नका. सप्टेंबरातच अर्ज टाका, ऑक्टोबरात तहसीलला खेटे घालत बसायला नको.

पेपर तीन तासांचा, ३०० मार्कांचा, आणि फक्त इंग्रजीत. पहिले दोन तास कॉम्प्युटरवर २०० मार्क, त्यात ठोकळा फिरवला तर कसा दिसेल, कुठला गिअर कुठल्या दिशेला फिरेल, रोजच्या वस्तूंमागचं विज्ञान, लॉजिक, निरीक्षण असलं सगळं येतं. शेवटचा एक तास कागद-पेन्सिल, १०० मार्क, त्यात चित्र आणि डिझाइनचे प्रश्न. पण पहिल्या भागात कटऑफ पार केला नाही तर दुसरा भाग तपासतच नाहीत, म्हणजे नुसतं चित्र चांगलं असून भागत नाही आणि नुसतं गणित पण नाही, मला तर ही परीक्षा याच गोष्टीसाठी आवडते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर त्याचे वेगळे मार्क इथे नाहीत, पण स्मरणचित्र आणि स्थिरचित्राचा सराव मात्र कामी येतो. चहाची किटली घ्या आणि ती वरून, खालून, बाजूने, उजेड एका अंगाने पडला तर कशी दिसेल अशी रोज काढा.

रिझल्ट मार्चमध्ये लागतो आणि इथे एक मोठा गैरसमज आहे. रँक आली म्हणजे आपोआप सीट मिळत नाही, बी.डेस. प्रवेशाचा अर्ज वेगळा भरायचा, त्याची फी वेगळी आणि मुदत पण थोडेच दिवस, त्यात कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. स्कोअर त्याच एका वर्षापुरता चालतो.

आणि ज्यांचं वय निघून गेलं, किंवा जे आधीच जी.डी. आर्ट (चित्रकलेचा डिप्लोमा), इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर करून बसलेत, त्यांच्यासाठी एम.डेस.ची, म्हणजे डिझाइनमधल्या मास्टर्सची, सीड (CEED) परीक्षा आहे, ती पण आयआयटी मुंबईच घेते. तिला वयाची अट नाही, कितीही वेळा द्या. जी.डी. आर्टवाल्यांना मात्र एक वर्षाचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, तेव्हा जिथे काम करताय तिथलं अनुभवाचं पत्र आत्ताच मागून ठेवा.