दरडीला मारलेली गाठ

कोकण रेल्वेच्या खोल कटिंगमधून गाडी जाताना खिडकीबाहेर नीट पाहिलं, तर काही ठिकाणी उतारावर ओळीने बसवलेल्या चौकोनी लोखंडी प्लेटा दिसतात. मधोमध नट, नटाबाहेर बोटभर आलेली सळई. नुसती जाळी टांगण्यासाठी मारलेले खिळे असावेत, असं वाटून जातं. पण अशा प्लेटमागे कित्येक मीटर लांब सळई डोंगरात शिरलेली असते. डोंगर कातळाचा असेल तर तो रॉक बोल्ट. जांभ्याखालची भुसभुशीत माती असेल, तर त्या कामाला सॉइल नेलिंग म्हणतात.

फ्रान्समध्ये १९७२ साली व्हर्सायजवळ रेल्वेमार्ग रुंद करताना सुमारे १८ मीटर उंचीचा उतार असाच सळयांनी शिवला गेला, आणि तिथून हे तंत्र जगभर गेलं. काम वरून खाली चालतं. मीटर-दीड मीटर माती कापायची, किंचित खाली झुकलेलं १०० ते १५० मिलिमीटर व्यासाचं भोक पाडायचं, त्यात सळई सारून सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, भरायचं, समोर जाळी लावून शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, मारायचं आणि प्लेट बसवून नट आवळायचा. मग खालचा टप्पा.

सळई मुद्दाम ताणून ठेवलेली नसते. माती काही मिलिमीटर पुढे सरकू लागली की मगच तिच्यात ताण येतो. हा ताण सर्वांत जास्त कुठे असतो? दर्शनी टोकाला नव्हे, तर आत, जिथे घसरू पाहणारी माती आणि स्थिर माती यांची सीमा सळईला छेदते तिथे. सीमेच्या मागे ग्राउट मातीला घट्ट धरून असतं. पुढे मात्र अडचण असते. पुढची माती सळईवरून सरकत बाहेर पडू शकते. सुईत दोरा ओवला, पण शेवटी गाठच मारली नाही, तर पहिल्या ओढीला दोरा निघून येतो. प्लेट ही ती गाठ.

मग नुसता नट का चालत नाही? हिशेब करून पाहू. समजा टोकाशी ८ टन ओढ आली. ३२ मिलिमीटरच्या सळईवरचा नट साधारण ५ सेंटिमीटर रुंद. भोकाची जागा वजा जाता तो जेमतेम १४ चौरस सेंटिमीटरवर टेकतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पावणेसहाशे किलो. चांगलं काँक्रीटही अडीचशेच्या आसपास चिरडतं. त्याच नटाखाली २० सेंटिमीटरची चौकोनी प्लेट ठेवली की दाब वीस-एकवीस किलोवर येतो. चिखलणीच्या शेतात टाच रुतते आणि फळी टाकली की माणूस वर राहतो, तसंच हे.

पण फळी पातळ असेल तर वाकते. म्हणून प्लेट चांगली वीस-पंचवीस मिलिमीटर जाड घेतात. नाहीतर कडा उचलल्या जातात आणि सगळा भार पुन्हा मधोमध येतो. शॉटक्रीट कमी जाडीचं असेल तर प्लेट त्यातून शंकूच्या आकाराचा तुकडा तोडून आत घुसते. शिवाय सळई तिरकी आणि भिंत उभी, त्यामुळे नट एकाच कडेवर टेकण्याची भीती. त्यासाठी उतरता किंवा गोलसर बुडाचा वॉशर घालतात. साइटवर घाईत वगळला जातो तो नेमका हाच वॉशर, आणि याची मला खरोखर चीड येते. बारा मीटर भोक पाडण्याची मेहनत मुठीएवढ्या तुकड्यासाठी वाया घालवायची!

हाँगकाँगमध्ये १८ जून १९७२ रोजी दोन भीषण दरडी कोसळल्या. पुढे तिथल्या हजारो उतारांवर सॉइल नेल बसले. तिथे अनेक उतारांना शॉटक्रीटची भिंत नसते, गवत राखलेलं असतं. भार वाटून घ्यायला समोर भिंतच नाही म्हटल्यावर प्रत्येक सळईचं डोकं मोठं हवं. म्हणून तिथे प्लेटऐवजी ४० ते ८० सेंटिमीटरचे सळईबंद काँक्रीटचे चौकोन ओततात.

पावसाळा संपला की तपासणीत नजर प्लेटांवरच जाते. भोवती किरणांसारख्या चिरा पडल्यात का, नटाखालून गंजाचा तांबूस ओघळ उतरलाय का, शेजारची पाणी काढणारी नळी गाळाने बुजलीय का. मग हातोडी घेऊन प्लेटच्या बाजूचं काँक्रीट वाजवायचं. भरीव आवाज आला तर पुढची प्लेट. पोकळ आला, तर मागची माती वाहून गेल्याची शंका धरून तिथे खडूने फुली मारायची.