पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय वॉटर पोलो स्पर्धेसाठी भारतीय संघ: पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

वॉटर पोलो, म्हणजे पाण्यात पोहत चेंडूने खेळायचा सांघिक खेळ. त्यातले नवे खेळाडू आणि त्यांचे पालक दर हंगामात एकच प्रश्न विचारतात: "आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा फॉर्म कुठे भरायचा?" असा फॉर्म नसतो. आशियाई अजिंक्यपद असो की वयोगटाची जागतिक स्पर्धा, प्रवेशिका देशाचा महासंघच पाठवतो, म्हणजे आपल्याकडे स्विमिंग फेडरेशन ऑफ इंडिया. आशियाई क्रीडा स्पर्धेत तीच प्रवेशिका भारतीय ऑलिम्पिक संघटनेमार्फत जाते. क्लबांच्या निमंत्रित स्पर्धा परदेशात होतात आणि तिथे स्वखर्चाने जाता येते, पण त्यातून "भारताचे प्रतिनिधित्व केले" असे प्रमाणपत्र मिळत नाही. कोणी पैसे घेऊन तसे कबूल करत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

खेळाडूच्या हातात असते ती त्याआधीची साखळी: जिल्हा संघटना, राज्य संघ, राष्ट्रीय स्पर्धा, शिबिर. तलावातली मेहनत सगळेच करतात. गुणी मुलगा अडतो तो बहुतेक वेळा कागदावर, आणि तो कागद आधी दोन वर्षे सहज दुरुस्त करता आला असता. म्हणून हा लेख.

भारताचा संघ या खेळात नवखा नाही. १९४८च्या लंडन आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपण खेळलो. १९५१ साली दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, १९७०ला बँकॉकमध्ये रौप्य आणि १९८२ला दिल्लीत कांस्यपदक मिळवले. २०२५ मध्ये आशियाई जलक्रीडा अजिंक्यपद स्पर्धा अहमदाबादला झाली, आणि पुढची आशियाई क्रीडा स्पर्धा १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात जपानमध्ये आइची-नागोया इथे आहे. इथे एक बाब लक्षात ठेवा: महासंघाने संघ निवडला म्हणजे तो जातोच असे नाही. आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी क्रीडा मंत्रालयाची मंजुरी लागते. हांगझाऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या वेळी सांघिक खेळांना आशियात पहिल्या आठांत असण्याचा निकष लावला होता. त्यामुळे वैयक्तिक निवड आणि संघाची पात्रता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

कोण पात्र?

पहिली अट भारतीय नागरिकत्वाची, आणि पुरावा भारतीय पासपोर्टचा. क्रीडा मंत्रालयाच्या २००८च्या धोरणानुसार ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावर, भारताकडून खेळता येत नाही. दुबई, मस्कत किंवा सिंगापूरला वाढलेल्या, पण भारतीय पासपोर्ट कायम ठेवलेल्या मराठी मुलांना ही अडचण नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनचे नागरिकत्व घेतलेल्या घरांतल्या मुलांना मात्र आहे, आणि हे त्यांना लहानपणीच सांगितलेले बरे. आधी दुसऱ्या देशाकडून खेळलेला खेळाडू असेल तर वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सचे, म्हणजे पूर्वीच्या फिना या जागतिक जलक्रीडा महासंघाचे, क्रीडा-राष्ट्रीयत्व बदलण्याचे नियम लागू होतात.

वयाची अट फक्त वयोगटाच्या स्पर्धांना असते. जागतिक पातळीवर मुलांसाठी १६, १८ आणि २० वर्षांखालील गट आहेत. वय स्पर्धेच्या दिवशी किती आहे हे बघत नाहीत, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला किती होते हे बघतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच वर्षाचे असतील तर एकाच गटात.

नोंदणी कुठून सुरू होते

ज्या तलावावर सराव करता, तो क्लब किंवा मंडळ जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का, हे आधी विचारा. मुंबईत दादरचा महात्मा गांधी स्मारक तलाव, पुण्यात टिळक तलाव, अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अशा जुन्या ठिकाणी ही व्यवस्था माहीत असलेली माणसे भेटतात. सोसायटीच्या किंवा खाजगी तलावावर शिकणाऱ्यांनी मात्र स्वतः चौकशी करायलाच हवी. जिल्ह्यावर महाराष्ट्राची राज्य जलतरण संघटना, तिच्यावर राष्ट्रीय महासंघ. महासंघाकडे नोंदणी झाली की खेळाडूला एक यूआयडी, म्हणजे स्वतःचा ओळख क्रमांक, मिळतो, आणि पुढची प्रत्येक प्रवेशिका त्या क्रमांकावर भरली जाते. हा क्रमांक एकदाच काढायचा. क्लब बदलला म्हणून कोणी दुसरा काढून देत असेल तर घेऊ नका. दुहेरी नोंद झाली की निस्तरताना हंगाम जातो.

नोंदणीला जन्माचा दाखला, आधार आणि फोटो तयार ठेवा. राज्याच्या निवड चाचणीसाठी वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवलेले उपयोगी पडते. ते आपले सरकार सेवा केंद्रातून मिळते. राज्य बदलत असाल तर जुन्या राज्य संघटनेचे ना-हरकत पत्र घ्या. सेनादल, रेल्वे आणि पोलीस हे राष्ट्रीय स्पर्धेत स्वतंत्र संघ म्हणून उतरतात, त्यामुळे तिथे नोकरी लागलेल्या खेळाडूनेही आपल्या राज्य संघटनेला लेखी कळवावे.

नाव आणि जन्मतारीख

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण महाराष्ट्रातल्या मुलांची खरी अडचण इथेच आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर "पाटील रोहन सुरेश", आधारवर "रोहन सुरेश पाटील", जन्माच्या दाखल्यावर बारशाच्या आधी नोंद झाल्यामुळे नावच नाही, आणि क्लबच्या यादीत नुसता "रोहन पाटील". घरच्यांना हे सगळे एकच वाटते, पण ऑनलाइन प्रवेशिकेतल्या नावाच्या रकान्यांना तसे वाटत नाही. इंग्रजी स्पेलिंग तर वेगळेच दुखणे. ज्ञानेश्वर एका कागदावर "डी"ने सुरू होतो आणि दुसऱ्यावर "जी"ने. देव आडनावाला कुठे "व्ही", कुठे "ओ".

उपाय सरळ आहे. पासपोर्ट हा मुख्य कागद माना. त्यात आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव आणि नावाच्या रकान्यात स्वतःचे व वडिलांचे नाव ठेवा. यूआयडी, आधार, बँक खाते सगळे त्याच स्पेलिंगला जुळवून घ्या. जन्माच्या दाखल्यात नाव नसेल तर ज्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद आहे तिथे जाऊन आधी ते घालून घ्या. शाळेच्या रजिस्टरमधली चूक मुलगा शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त करा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तेच काम फार जड जाते. नावच बदलले असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करून त्या गॅझेटची प्रत सांभाळा. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून अंदाजाने बदलू नका. वयाच्या वादात आधार हा पक्का पुरावा धरत नाहीत. जन्माचा दाखलाच चालतो.

मुलाचे वय कमी दाखवून त्याला खालच्या गटात खेळवण्याचा मोह होतो, आणि तो काही प्रशिक्षकांनाही होतो. कृपा करून तसे करू नका. पासपोर्टवर एकदा छापलेली तारीख त्याच्याबरोबर आयुष्यभर राहते.

पासपोर्ट

शिबिराचे पत्र आल्यावर पासपोर्ट काढायला धावू नका. राज्य संघात नाव लागले त्याच वर्षी काढा. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी त्यावर २,००० रुपये. १८ वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टला १,००० रुपये पडतात, पण तो ५ वर्षे किंवा १८ पूर्ण होईपर्यंतच चालतो. १५ ते १८ वयाच्या मुलांना मात्र १,५०० रुपये भरून १० वर्षांचा पासपोर्ट घेता येतो, आणि खेळाडूने तोच घ्यावा, म्हणजे ऐन कनिष्ठ गटाच्या मोसमात नूतनीकरण येत नाही. अल्पवयीनांसाठी आई-वडिलांच्या सहीचे परिशिष्ट "डी" लागते. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी. व्हिसाचे निमंत्रण पत्र महासंघाकडून येते, पण फोटो, बँक स्टेटमेंट, नोकरी किंवा कॉलेजचे पत्र ज्याचे त्याने द्यायचे असते.

औषधे

राष्ट्रीय पातळीवर आलात की नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, अधिकारी कधीही तपासणीसाठी नमुना मागू शकतात. क्लोरीनच्या पाण्यात वर्षानुवर्षे सराव करणाऱ्यांत दम्याचा त्रास बराच दिसतो, म्हणून हे नीट वाचा. पंपातून घेतलेले साल्ब्युटामॉल ठरावीक मर्यादेत चालते: २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. त्याच औषधाची गोळी किंवा सिरप चालत नाही. टर्ब्युटालिन हे दुसरे औषध तर कुठल्याच स्वरूपात परवानगीशिवाय चालत नाही, आणि आपल्याकडच्या खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये ते असते. पावसाळ्यात मुलगा खोकायला लागला की मेडिकलमधून आणलेली बाटली देण्याआधी बारीक अक्षरातले घटक वाचा. औषध टाळता येत नसेल तर डॉक्टरांच्या तपासण्या जोडून उपचारासाठीच्या सवलतीचा, म्हणजे टीयूईचा, अर्ज लगेच करा. "डॉक्टरांनी दिले होते" हे उत्तर नंतर कोणी ऐकत नाही.

निवड आणि त्यानंतर

राष्ट्रीय स्पर्धेतल्या खेळावरून संभाव्य खेळाडूंची यादी निघते, शिबिर होते आणि तिथून अंतिम संघ ठरतो. पाण्यात एका वेळी गोलरक्षकासह सातच जण असतात आणि बाकावरच्या जागाही मोजक्या, म्हणून गोलरक्षक आणि डावखुरे खेळाडू निवड समितीच्या नजरेत लवकर भरतात. शिबिराला येताना मूळ कागद, त्यांच्या दोन प्रती, रक्तगट, वैद्यकीय तंदुरुस्तीचे पत्र आणि १८ खालच्यांसाठी पालकांचे संमतीपत्र एकाच फाइलमध्ये आणा.

स्पर्धा संपल्यावर बरेच जण मेडलचा फोटो ठेवतात आणि कागद टाकून देतात. निवडीचे पत्र, अ‍ॅक्रेडिटेशन कार्ड (स्पर्धेचे ओळखपत्र), सहभागी देशांची नावे असलेला अधिकृत निकाल, पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या पानांच्या प्रती आणि महासंघाचे प्रमाणपत्र जपून ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. १ जुलै २०१६च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. भरतीची जाहिरात निघण्याची वाट न बघता हा अर्ज आधीच टाका. पडताळणीत महासंघाकडून खात्री मागवली जाते आणि त्यात वेळ जातो.