उडत्या काठ्या, उर्फ पॉज केल्यावरच दिसणारा प्राणी

नुसत्या डोळ्याने हा प्राणी कुणालाच दिसत नाही, व्हिडिओ पॉज केला की मात्र दिसतो. लांबडी काठी, दोन्ही बाजूंना झालरीसारखे लाटालाटांचे पंख, डोकं नाही, पाय नाहीत आणि पुढच्या एकदोन फ्रेममध्ये (व्हिडिओ ज्या एकेका स्थिर चित्रांचा बनतो ती चित्रं) गायब. इंग्रजीत याला रॉड्स म्हणतात, कुणी स्कायफिश पण म्हणतं. 1994 मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेलजवळ होसे एस्कामिया नावाच्या माणसाला शूटिंगमध्ये हे दिसलं आणि तिथून गाजावाजा सुरू झाला. (रॉसवेल म्हणजे उडत्या तबकड्यांवाली तीच जागा, आता बोला!)

पण हा वेगळा प्राणी नाहीच, साधा उडणारा किडा आहे. मुळात आपण धरून चालतो की फ्रेम म्हणजे एक क्षण, पण तसं नसतं, शटर (कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारी झडप) उघडं असेपर्यंत समोर जे जे घडतं ते सगळं एकाच चित्रात गोळा होतं. समजा शटर 1/60 सेकंद उघडं आहे आणि समोरून माशी सेकंदाला 2 मीटरच्या वेगाने चाललीये, तर तेवढ्यात ती तीनेक सेंटीमीटर पुढे जाते, म्हणजे जेमतेम पाऊण सेंटीमीटरच्या माशीचा चारेक सेंटीमीटरचा पट्टा उमटतो. ही झाली काठी. आता झालर. माशी सेकंदाला साधारण 200 वेळा पंख हलवते, म्हणजे तेवढ्याच वेळात तीन वेळा वर-खाली, की झाले पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगवटे! बरं किडा लेन्सच्या अगदी जवळ असतो आणि मागे झाडं नाहीतर डोंगर, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की एवढं मोठं काहीतरी लांबून सुसाट गेलं.

जुन्या कॅमकॉर्डरमध्ये तर अजून एक भानगड, तिथे प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत बनायची, आधी चित्रातल्या विषम ओळी (पहिली, तिसरी, पाचवी...) मग सम, त्यामुळे एकाच किड्याच्या दोन वेगळ्या जागा एकाच चित्रात.

चीनमध्ये जिलिन प्रांतातल्या एका औषध कंपनीच्या सीसीटीव्हीत अशाच काठ्या दिसायला लागल्या, तिथल्या लोकांनी वाद घालत न बसता सरळ मोठी जाळी लावली. कॅमेऱ्यात काठ्या जाळ्यात शिरताना दिसल्या, जाळ्यात जाऊन बघतात तर पतंग आणि नेहमीचेच किडे. 2005 मध्ये तिथल्या सरकारी टीव्हीने हे दाखवलं पण. मला तर हा पुरावा सगळ्यात आवडतो.

रात्री दिव्याभोवती किडे घिरट्या घालत असतील तर स्वतःच करून बघा, मोबाईल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) शटर 1/30 सेकंद ठेवा, भरपूर काठ्या मिळतील. मग 1/1000 करा. चित्र काळपट येईल, पण काठीच्या जागी किडा दिसेल.