पियासा पक्ष्याची कथा प्राचीन नाही
इलिनॉय राज्यात मिसिसिपीकाठी वसलेल्या ऑल्टन शहराचा पूर्वेतिहास सांगताना, माणसे खाणारा पियासा पक्षी आणि विषारी बाणांनी झालेला त्याचा वध ही मूळ रहिवाशांची प्राचीन कथा मानली जाते. प्रत्यक्षात ती जॉन रसेल या लेखकाने १८३६ मध्ये लिहिली आणि ती बहुतांशी काल्पनिक असल्याचे पुढे स्वतःच मान्य केले.

ऑल्टनजवळच्या नदीकाठच्या कड्यावरची, या पक्ष्याची म्हणून ओळखली जाणारी मूळ रहिवाशांची चित्रे मात्र खरी होती. १६७३ मध्ये फ्रेंच धर्मप्रचारक फादर झाक मार्केत यांनी तेथे हरणासारखी शिंगे, लाल डोळे, खवल्यांचे अंग आणि शरीराला वेढा घालून माशासारखी संपणारी शेपटी असलेले दोन प्राणी नोंदवले. त्या वर्णनात पंख कुठेच नाहीत. मूळ चित्रे एकोणिसाव्या शतकात दगडखाणीच्या कामात नष्ट झाली, आणि आज कड्यावर दिसणारे पंखधारी चित्र त्यांचीच प्रतिकृती समजणे हा मूळ चित्रकारांवर अन्याय आहे.